परसातल्या कोंबड्यांची अंडी बिघडली तर: पातळ कवच, पाणचट पांढरा, फिका बलक आणि तपासणीचा क्रम

कवच पातळ झालं की कॅल्शियमची बाटली आणायची, बलक फिका पडला की कुणीतरी सांगितलेली पावडर पाण्यात टाकायची, आणि चार दिवसांत फरक दिसला नाही की दोन्ही बंद करायचं. दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेक घरांत हेच चालतं. दोष कोणत्या कोंबडीचा, अंड्याच्या कोणत्या भागात आणि कधी तयार झाला, हे बघायचं राहूनच जातं.

यातलं 'कधी' सगळ्यात उपयोगाचं. कोंबडीच्या पोटात एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. पांढरा भाग जेमतेम तीन तासांत चढतो आणि कवच चढायला जवळजवळ २० तास जातात, त्यातली बरीचशी रात्र असते. पिवळा बलक मात्र आधीच्या आठ-दहा दिवसांत भरत आलेला असतो. म्हणून कवचाचा दोष कालच्या रात्रीशी जोडायचा आणि बलकाचा दोष गेल्या आठवड्यातल्या चाऱ्याशी. अंडं घातल्यानंतर जे बिघडतं त्याचा कोंबडीशी संबंधच नसतो, ते आपल्या टोपलीत बिघडतं.

तयारी

लागतं ते असं: एक वही, अंड्यावर लिहायला पेन्सिल (शाईचं पेन नको), मोबाइलची बॅटरी, एक पांढरी सपाट ताटली, ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि एक मोठं डालगं. खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी फाडून टाकली असेल तर पुढच्या पोत्याची जपून ठेवा. टप्पा ४ मध्ये कॅल्शियमचा हिशोब करताना ती लागणार आहे.

टप्पा १: आठवडाभर नुसती नोंद

पहिला आठवडा काहीही बदलू नका. रोज प्रत्येक अंड्यावर तारीख घाला आणि वहीत चार गोष्टी लिहा: किती अंडी, त्यातली दोषी किती, दोष काय, आणि आदल्या दिवशी वेगळं काय घडलं. पाऊस, कुत्रं शिरलं, खाद्य बदललं, पाणी संपलं, लग्नाचे फटाके वाजले, असं काहीही.

याच आठवड्यात दोषी अंडं कुणाचं ते शोधा. एकच कोंबडी साधारण एकाच आकाराची आणि एकाच छटेची अंडी घालते, त्यामुळे थोड्या सरावाने अंड्यावरून कोंबडी ओळखू येते. संशय असेल तर त्या कोंबडीला सकाळी डालग्याखाली चारा-पाण्यासह ठेवा आणि अंडं घातलं की सोडा. दुसरी युक्ती अशी की खायचा रंग थोड्या खोबरेल तेलात कालवून रात्री तिच्या गुदद्वाराच्या कडेला लावायचा. दुसऱ्या दिवशीच्या अंड्यावर रंगाची रेघ उमटते.

मग वही उघडून बघा.

- दोष एकाच कोंबडीचा असेल तर कारण बहुधा त्या कोंबडीतच आहे. ती नुकती अंड्यावर आलेली तलंग असेल, म्हातारी झाली असेल किंवा तिच्या अंडनलिकेत बिघाड असेल. सगळ्या कळपाचं खाद्य बदलू नका.
- दोष हळूहळू बऱ्याच कोंबड्यांत पसरला असेल तर पाणी, खाद्य, उष्णता. टप्पा ३ पासून पुढे चला.
- दोन-चार दिवसांत सगळ्यांचीच अंडी बिघडली आणि संख्याही घसरली तर मधले टप्पे सोडून थेट टप्पा ७ वाचा.

इशारा: तलंगांची पहिली दोन-तीन आठवड्यांची अंडी धरून निष्कर्ष काढू नका. लहान अंडी, दोन बलकांची, बलकच नसलेली किंवा बिनकवचाची अंडी या काळात येतातच. त्यांची अंडनलिका अजून लयीत आलेली नसते.

टप्पा २: अंडं बाहेरून आत तपासा

क्रम पाळा, कारण फोडलेलं अंडं परत बाहेरून बघता येत नाही.

आधी कवच. अंगठ्याने हलकं दाबा, बोट फिरवा. मग अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी अंड्याच्या बोथट टोकाला टेकवून बघा. तिथे हवेची पोकळी दिसते. ताज्या अंड्यात ती काही मिलिमीटरच असते, अंडं जुनं होत जाईल तशी मोठी होते. केसाएवढ्या बारीक चिराही याच उजेडात सापडतात. शेवटी अंडं ताटलीत फोडा आणि डोळ्यांच्या पातळीवरून बघा. ताज्या, चांगल्या अंड्याचा बलक उंच उभा राहतो आणि त्याच्याभोवती दाट पांढऱ्याचं कडं दिसतं, बाहेर थोडासाच पातळ पांढरा पसरतो.

बाहेरच्या खुणा अशा वाचा:

- नुसता पडदा, कवच नाही किंवा कागदासारखं पातळ: कॅल्शियम कमी पडलं, उष्णता, रात्रीची धास्ती किंवा रोग.
- मधोमध फुगवटा किंवा जुडलेल्या चिरेची रेघ: अंडं पोटात असतानाच दबलं आणि वर पुन्हा कवच चढलं. रात्री खुराड्यात दाटी होते किंवा कोंबड्या दचकून उडतात.
- पुरळ उठल्यासारखे पांढरे कण: अंडं आत जास्त वेळ राहिलं. म्हाताऱ्या कोंबडीत नेहमीचं. कळपातल्या बऱ्याच अंड्यांवर दिसलं तर कॅल्शियम जास्त होतंय का ते बघा.
- उभ्या-आडव्या सुरकुत्या: पांढरा पातळ असल्याने कवचाला आधार मिळाला नाही. श्वसनाच्या आजारानंतर असं होतं.
- तपकिरी अंड्याचा रंग एकदम उडाला: ताण, काही औषधं किंवा रोग.
- पुसले जाणारे तांबूस ठिपके: खुराड्यातल्या रक्तपित्या किड्यांची घाण. बैठकीच्या बांबूच्या भेगांत रात्री बॅटरी मारून बघा.

अंडं पाण्यात बुडवून बघायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरंगणारं अंडं जुनं, एवढंच ती सांगते. पातळ कवच किंवा रोग त्यातून कळत नाही.

टप्पा ३: आधी पाणी

खाद्याच्या आधी पाणी बघायचं, कारण ते फुकट आहे आणि बहुतेक वेळा तिथेच गोम असते. कवचाच्या आतलं अंडं जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणीच असतं. कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते आणि कडक उन्हाळ्यात दुप्पटही पिते. दुपारी दोन-तीन तास भांडं कोरडं राहिलं तरी अंड्यावर परिणाम दिसतो.

भांडी सावलीत ठेवा, रोज घासा आणि कमीत कमी दोन ठिकाणी ठेवा. एकच भांडं असलं की दांडगी कोंबडी दुबळीला जवळ येऊ देत नाही. बोअरचं पाणी मचूळ असेल तर आठवडाभर विहिरीचं किंवा नळाचं पाणी देऊन बघा. खारट पाण्याने कवच पातळ होतं आणि कितीही कॅल्शियम चारलं तरी ते सुधारत नाही. पाण्याच्या टाकीला उन्हात तापणारा काळा पाइप असेल तर दुपारचं पाणी हाताला लावून बघा. गरम पाणी कोंबडी टाळते.

टप्पा ४: खाद्य, आणि सगळ्यात मोठी गल्लत

एक साधा हिशोब मांडू. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेल्यापैकी निम्मंच अंगी लागतं असं धरलं तर एका अंड्यामागे चार ग्रॅम पोटात जायला हवं. लेअर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार भरड खाद्यात, ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं. कोंबडीने दिवसाला ११० ग्रॅम मॅश खाल्लं तर चार ग्रॅम भागतात. मका, ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी यांत मात्र कॅल्शियम जवळजवळ नसतंच.

आता बहुतेक घरांत काय होतं? मॅश महाग, म्हणून निम्मं मॅश आणि निम्मी ज्वारी किंवा कणी. कोंबड्या आधी दाणे वेचतात आणि मॅशचा भुगा तसाच टाकतात. मालकाच्या हिशोबाने तो लेअर मॅश चारतोय, कोंबडीच्या पोटात चौथाई गरजही जात नाही. त्यात भाताचा किंवा गव्हाचा कोंडा कालवला की आणखी वाईट, कारण कोंड्यातला फायटेट नावाचा घटक कॅल्शियम बांधून ठेवतो. गावरान कोंबडी वर्षाला ६०-८० अंडी घालत असेल तर ती किडे-मुंग्या वेचून निभावून नेते. गिरिराज, ग्रामप्रिया किंवा ऱ्होड आयलंड रेडसारखी जास्त अंडी देणारी जात निभावत नाही. ती आधी हाडांतलं कॅल्शियम काढून अंड्याला देते, मग कवच पातळ करते आणि शेवटी लंगडायला लागते.

दुरुस्ती अशी करा.

१. सकाळी पोटभर फक्त लेअर मॅश. दाणे द्यायचेच असतील तर संध्याकाळी, खुराड्यात कोंडण्याआधी एक मूठ, एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. मॅश कोरडं उरत असेल तर थोडं पाणी शिंपडून ओलसर करा. तासाभरात संपेल एवढंच भिजवा, नाहीतर आंबतं.

२. वेगळ्या भांड्यात शिंपल्याचा चुरा कायम ठेवा. खाद्यात मिसळू नका. ज्या कोंबडीला लागतो ती खाते, कोंबडा आणि पिल्लं फारसं तोंड लावत नाहीत.

३. चुऱ्याचा आकार बाजरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढा हवा. पीठ केलं तर ते दुपारपर्यंत पोटातून निघून जातं. मोठे तुकडे पेषणीत (दाणे दळणाऱ्या जठरात) राहतात आणि कवच चढतं त्या रात्रीच्या वेळी हळूहळू विरघळतात. म्हणूनच चुरा संध्याकाळी भरलेला असावा.

कोकणात आणि गोव्यात तिसऱ्या, कालवं यांची टरफलं फुकट मिळतात. ती धुऊन, उकळून, कडक उन्हात वाळवा आणि फोडून चाळा. घाटावर शिंपला कुक्कुटखाद्याच्या दुकानात मिळतो. घरातली अंड्यांची टरफलंही चालतात, पण तव्यावर कोरडी भाजून आणि बारीक चुरून. ओळखू येतील असे तुकडे टाकले की कोंबडीला अंडी खायची चटक लागते, आणि ती एकदा लागली की सुटणं कठीण.

इशारे:

- खायचा पानाचा चुना कोंबडीला देऊ नका. तो दाहक असतो. ती चुन्याच्या भिंतीला चोच मारत असेल तर कॅल्शियम कमी पडतंय अशी खूण समजा.
- नदीची वाळू किंवा मुरूम कॅल्शियम देत नाही. ते पेषणीत दाणे दळायला लागतात. दोन्ही वेगवेगळं हवं.
- लेअर मॅश पिल्लांना किंवा अंड्यावर न आलेल्या तलंगांना देऊ नका. जास्त कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं खराब होतात. तुरा लाल व्हायला लागला, पहिल्या अंड्याला दोनेक आठवडे राहिले की खाद्य बदला.
- ब्रॉयलरचं खाद्य 'ताकदीचं' म्हणून अंड्याच्या कोंबड्यांना घालतात. त्यात कॅल्शियम कमी असतं आणि काही खाद्यांत रक्ती हगवणीवरचं निकार्बाझिन हे औषध असतं. त्याने तपकिरी अंडी पांढरट होतात आणि बलकावर डाग पडतात.
- बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड, ओला मका फेकून द्या. बुरशीचं विष यकृत बिघडवतं आणि अंड्यातही उतरतं.

तपासा: खाद्य सुधारल्यावर कवचात फरक पाच-सात दिवसांत दिसायला हवा. तोवर आणखी काही बदलू नका. नाहीतर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही.

टप्पा ५: रात्र आणि उन्हाळा

कवच रात्री चढतं, म्हणून रात्रीची शांतता हाही खाद्याचाच भाग समजा. मांजर, मुंगूस, साप, उंदीर यांपैकी काहीही रात्री खुराड्यात फिरलं की सकाळी बिनकवचाची अंडी बैठकीखाली पडलेली सापडतात. जाळीची भोकं बुजवा. प्रत्येक कोंबडीला दांडीवर वीतभर तरी जागा द्या. अंडी घालायची खोकी दांडीपेक्षा खाली ठेवा. कोंबडी उंच जागी झोपते, खोकं उंच असलं की ती त्यातच झोपते आणि तिथेच विष्ठा टाकते.

एप्रिल-मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात कवच पातळ होणं जवळजवळ ठरलेलं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्तातलं बायकार्बोनेट घटतं आणि कवचाचा कच्चा मालच तुटतो. वरून भूक मेल्याने खाद्यही कमी जातं. अशा वेळी कॅल्शियमची बाटली ओतून भागत नाही. छपरावर पाचट किंवा तुराट्या टाका, दुपारी त्यावर पाणी मारा, बाजूला ओलं गोणपाट टांगा पण वारा अडवू नका. खाद्य पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्या, भर दुपारी उचलून ठेवा. पाण्यात इलेक्ट्रोलाइट पावडर घालायची तर पाकिटावर लिहिलेल्या मात्रेतच, आणि दुसरं साधं पाणीही शेजारी असू द्या.

पूर्ण बंद शेडमध्ये ठेवलेल्या कोंबड्यांना रोज थोडं कोवळं ऊन मिळेल असं बघा. ड जीवनसत्त्वाशिवाय खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून शोषलं जात नाही.

टप्पा ६: आतले दोष

फिका बलक हा दोष कमी आणि चवीचा हट्ट जास्त. बलकाचा पिवळेपणा चाऱ्यातल्या रंगद्रव्यांवर ठरतो. पिवळा मका, लसूणघास, शेवग्याचा पाला, कोथिंबिरीचे देठ, झेंडूच्या पाकळ्या दिल्या की रंग चढतो. ज्वारी आणि कणी दिली की उतरतो. फिक्या बलकाचं अंडं निकृष्ट आणि केशरी बलकाचं 'खरं गावरान' असं काही नाही, रंग खाद्यातूनही आणता येतो. बदल पूर्ण दिसायला दहा दिवस ते दोन आठवडे थांबा.

हिरवट किंवा शेवाळी बलक, गुलाबी झाक असलेला पांढरा: कापसाच्या पट्ट्यात हे हमखास विचारलं जातं. कोंबड्या गोठ्यात शिरून गुरांच्या आंबोणातली सरकी पेंड खातात. सरकीतलं गॉसिपॉल बलकातल्या लोहाशी जुळून रंग बदलतं, आणि सरकीच्या तेलातल्या काही घटकांनी पांढरा गुलाबी होतो. ताज्या अंड्यात हे दिसेलच असं नाही, अंडी चार-आठ दिवस ठेवल्यावर उठून दिसतं. त्यामुळे लोक साठवणुकीला दोष देतात. गव्हाणीला आड करा, आणखी काही लागत नाही.

पाणचट पांढरा आधी टोपलीत शोधा. अंडं उबदार जागी चार दिवस राहिलं तरी पांढरा पातळ होतो. आज घातलेलं अंडं आजच ताटलीत फोडून बघा. तेही पाणचट असेल तर म्हातारी कोंबडी, खुराड्यातला अमोनियाचा वास किंवा श्वसनाचा आजार. खुराड्यात वाकून बसल्यावर आपल्या डोळ्यांना झोंबत असेल तर तूस आजच बदला.

रक्ताचा ठिपका म्हणजे अंडं फलित असल्याचा पुरावा नव्हे. बलक सुटताना बारीक रक्तवाहिनी फुटली की ठिपका येतो. तेवढा काढून अंडं खाता येतं. किंचित धुरकट पांढरा तर ताजेपणाची खूण आहे, त्याला घाबरून अंडं फेकू नका.

माशांचा वास येत असेल तर सुकट, मासळीची कुटी किंवा मोहरीची पेंड महिनाभर बंद करा. तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांत जन्मतःच तो वास मोडणारं विकर कमी असतं, म्हणून त्याच कळपातल्या एक-दोघींच्याच अंड्यांना वास येतो.

टप्पा ७: रोगाची शंका

अंडी एकदम घटली आणि सोबत हिरवट-पांढरी हगवण, मान वाकडी होणं, धाप दिसली तर रानीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, समजून चाला. घरघर, शिंका आणि मागोमाग सुरकुतलेली अंडी व पाण्यासारखा पांढरा दिसला तर संसर्गजन्य ब्रॉंकायटिस असू शकतो. यातून बऱ्या झालेल्या काही कोंबड्यांची अंडी पुढे कधीच पूर्ण सुधारत नाहीत. आणि कोंबड्या दिसायला धडधाकट, पण तपकिरी अंडी आधी फिकी, मग बिनकवचाची: याला एग ड्रॉप सिंड्रोम म्हणतात. त्याचा विषाणू मूळ बदकांचा. बदकं आणि कोंबड्या एकाच डबक्यातलं पाणी पीत असतील तर आजच वेगळ्या करा.

यांपैकी कशावरही घरगुती काढा चालत नाही आणि प्रतिजैविकंही विषाणूला मारत नाहीत. आजारी पक्षी वेगळा करा, नवीन पक्षी आणू नका, अंडी विकणं थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात वही घेऊन जा. १९६२ या टोल-फ्री क्रमांकावरही विचारता येतं. पटापट मरतूक सुरू झाली तर मेलेले पक्षी हाताळू नका, उघड्यावर फेकू नका, लगेच कळवा.

मानमोडीची लस पिल्लूपणीच द्यायची असते: पहिल्या आठवड्यात लासोटा, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा लासोटा, आठव्या आठवड्याच्या सुमारास आरटूबी. विसरलेली आरटूबी अंड्यावर आलेल्या कोंबडीला स्वतःच्या मनाने टोचू नका, अंडी पडतात.

इशारा: जंताचं किंवा इतर कोणतंही औषध दिलं की अंडी किती दिवस खायची नाहीत ते वेष्टनावर बघा किंवा पशुवैद्यकाला विचारा. तेवढे दिवस अंडी ना घरात, ना शेजारी, ना परत कोंबड्यांना.

टप्पा ८: अंडं हातात आल्यावर

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, उन्हाळ्यात तीनदा. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोकं पुरे, फूटभर लांब-रुंद, तळाला भाताचं तूस किंवा कोरडा पेंढा. खुडूक बसलेली कोंबडी त्याच खोक्यात असेल तर तिला आधी हलवा. तिच्या अंगाखाली इतरांची अंडी दिवसभर उबत राहतात.

कळपात कोंबडा असेल तर बहुतेक अंडी फलित असणार. साधारण २१ अंशांच्या वर गर्भ सावकाश वाढू लागतो, आणि आपल्याकडे वर्षातले बरेच महिने स्वयंपाकघर त्याहून गरम असतं. उन्हाळ्यात घरची अंडी लवकर खराब होण्याचं हे मोठं कारण. फक्त खायलाच अंडी हवी असतील तर कोंबडा वेगळा ठेवा. त्यानंतरही दोन-तीन आठवडे अंडी फलित येत राहतात, तोवर ती त्याच दिवशी फ्रीजमध्ये टाका. बोथट टोक वर ठेवा. फ्रीजमधून काढून पुन्हा बाहेर ठेवू नका, अंड्याला घाम सुटतो आणि ओल्या कवचातून जंतू आत जातात.

विकायची किंवा ठेवायची अंडी धुऊ नका. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांवर नैसर्गिक पातळ लेप असतो. धुतलं की तो जातो. माती किंवा वाळलेली विष्ठा बारीक सॅंडपेपरने कोरडीच घासा. धुवायचंच तर शिजवायच्या आधी, अंड्यापेक्षा गरम पाण्याने. थंड पाण्यात आतला भाग आकसतो आणि घाण छिद्रांतून आत ओढली जाते. फारच माखलेलं अंडं विकू नये. रोज माखलेलीच येत असतील तर धुण्याचा विचार सोडून खोक्यातलं तूस बदला.

आठही टप्पे झाले, महिना गेला आणि तरी एकाच कोंबडीचं अंडं दर वेळी बिनकवचाचं येत असेल तर तिची अंडनलिका बिघडली आहे. पिवळट, चिकट, थरांचे गोळे पडत असतील तर आत संसर्ग आहे, पशुवैद्यकाला दाखवा. एरवी ती नुसती म्हातारी असते. दोन वर्षांपुढच्या कोंबडीकडून तलंगेसारखं कवच मागू नका. तिची अंडी विक्रीच्या टोपलीत न टाकता घरात त्याच दिवशी वापरा आणि तिच्या जागी येणाऱ्या पिल्लांच्या लसीची तारीख वहीत लिहून ठेवा.